अंगठा मागं गेला

मित्रांनो, आवाज थोडा दमलेला वाटला तर समजून घ्या. मी एक जुना मिररलेस कॅमेरा आहे आणि आजवर माझी पापणी, म्हणजे शटर, एक लाख सत्त्याऐंशी हजार वेळा मिटली आहे. ज्यांनी मला घडवलं त्यांनी दोन लाखांचा अंदाज दिला होता. म्हणजे तेरा हजार उरल्या. मोजण्याची हौस म्हणाल तर ती हौस नाही. प्रत्येक फोटोला माझ्या पोटात एक आकडा पुढे सरकतो आणि तो मला थांबवता येत नाही.

आमच्या कुळाची एक गोष्ट आधीच सांगून ठेवतो, ती पुढे लागेल. जुन्या कॅमेऱ्यांच्या पोटात डोळ्याआड आरसा असे. माझ्यात तो नाही. मला चालू केलं की माझा डोळा उघडतो आणि बंद करेपर्यंत उघडाच राहतो. समोरचं सगळं मला दिसत असतं. पण दिसणं वेगळं आणि ठेवणं वेगळं. कोणी बोटानं बटन दाबलं तरच मी ठेवतो. नाही दाबलं, तर माणूस समोरून निघून जातो आणि कार्डात काही राहत नाही.

परदेशातल्या एका कारखान्यात माझे भाग जुळवले गेले. नांदेडच्या एका दुकानात चार महिने काचेच्या कपाटात बसून होतो. लोक यायचे, मला हातात घेऊन वजन बघायचे, 'लई हलका हाय' म्हणून परत ठेवायचे. मग एक दिवस वैजनाथराव आले. अहमदपूरच्या बसस्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ. त्यांनी मला डोळ्याला लावलं आणि शेजारच्या माणसाला म्हणाले, "हेच पाहिजे." त्या दसऱ्याला त्यांनी मला पाटावर बसवलं, झेंडूचं फूल वाहिलं, कुंकू लावलं. त्या कुंकवाचा एक कण अजून माझ्या फटीत आहे. एवढा मान मला पुन्हा मिळाला नाही, हेही आत्ताच सांगून टाकतो.

त्यानंतर लग्नं. आठ वर्षं लग्नंच लग्नं. मधूनमधून बारसं, साखरपुडा, एखादं नवं जोडपं घेऊन माहूरच्या गडावर चढणं. माझ्या बटनांच्या खाचांत अक्षता अडकल्या, रबर हळदीनं पिवळं झालं.

लग्नात माणूस कसा मोजला जातो, हे माझ्याइतकं कोणाला माहीत नसेल. पुढाऱ्याच्या भाच्याला अकरा फोटो. नवरदेवाच्या मित्रांना, त्यांचे गॉगल धरून, चाळीस. नवरीच्या आईला तीन, आणि त्यांतल्या दोनांत ती कोणाला तरी 'जेवल्याशिवाय जाऊ नका' म्हणत असते. पोट सगळेच आत घेतात. ते किती वेळ आत राहतं यावरून वय कळतं. खिशाला पेन लावून येणारे पेन दिसेल अशाच बाजूनं उभे राहतात. टोपी-टॉवेलचा आहेर देणारा टॉवेल सोडत नाही आणि घेणारा ओढत नाही. उजेड पडेपर्यंत दोघं दोन टोकं धरून माझ्याकडे बघत राहतात, जणू टॉवेल विकायला काढलाय.

या आहेराच्या रांगेबद्दलच मला तुम्हाला सांगायचं आहे.

वैजनाथराव हे काम नांदेडला रामलिंग उस्तादांच्या हाताखाली शिकले. उस्तादांच्या काळात एका रोलमध्ये छत्तीस फोटो मावायचे आणि रांगेत दोनशे माणसं असायची. त्यावर उस्तादांनी तोड काढली होती. फ्लॅशच्या पाठीला एक बारीक बटन असतं, फ्लॅश चालतो की नाही ते तपासायला. ते अंगठ्यानं दाबलं की लख्ख उजेड पडतो, फोटो मात्र निघत नाही. 'खाली मार,' उस्ताद म्हणायचे. खाली म्हणजे रिकामा. माणूस खूश होऊन स्टेजवरून उतरतो आणि रोल वाचतो.

रोल गेले. माझ्या कार्डात हजारो फोटो मावू लागले. पण अंगठ्याची सवय राहिली, आणि सवयीला नवं कारणही सापडलं. अल्बम तीनशे फोटोंचा ठरलेला; एवढ्यांतून निवडत कोण बसणार? कोणाला खरा फ्लॅश आणि कोणाला रिकामा, हे वैजनाथराव कपड्यांची इस्त्री बघून ठरवायचे. कडक इस्त्री, की बोट पुढे, माझ्या बटनावर. चुरगळलेला सदरा, विटलेलं लुगडं, की अंगठा मागे.

हा दुसरा आकडा कुठल्याच कार्डात नाही, पण मी ठेवला आहे. चार हजार एकशे बारा. तेवढ्या वेळा माझ्या डोक्यावर उजेड पडला, समोरची माणसं हसली, आणि मी काहीही न ठेवता नुसता बघत राहिलो. लाख फोटो काढून मी जेवढा दमलो नसेन, तेवढा या चार हजारांनी दमलो.

गेल्या वर्षी वैजनाथरावांनी नवा कॅमेरा घेतला. माझ्या झूम लेन्सची कडी करकरायला लागली होती, रबर सुटून लोंबत होतं. पासपोर्ट फोटोच्या निळ्या पडद्यामागे एक कपाट आहे, त्यात मला आणि माझ्या जुन्या फ्लॅशला ठेवून दिलं. बॅटरी आतच राहिली होती. बाहेर 'हनुवटी खाली, खांदा वर' असं चाललेलं ऐकू यायचं. कोणी विचारलंही नाही. मला वाटलं, संपलं.

मग वैजनाथरावांची मुलगी तनुजा आली. ती लातूरला रक्त तपासणीच्या लॅबमध्ये कामाला लागली होती आणि दर शनिवारी रात्री घरी यायची. पहिल्या पगारातून तिनं एक लेन्स आणली होती. पन्नासची, एकाच अंतराची. झूम न होणारी. डबीतून निघाली तेव्हा काचेवर बोटाचा ठसासुद्धा नव्हता. माझ्यासारख्या पिवळ्या पडलेल्याला ती लावताना मलाच लाज वाटली.

"झूम होत न्हाई अन् हिला लेन्स म्हणायचं?" वैजनाथराव म्हणाले.

"जवळचा फोटो पाहिजे तर जवळ जायचं, पप्पा. चालत."

"चालत? मी काय पोस्टमन हाव का?"

पण लेन्स होती खरी गुणाची. ती कोणाला जवळ ओढत नाही, लांब ढकलत नाही. तिचा डोळा मोठा. कमी उजेडातही तिला फ्लॅश लागत नाही. तनुजा रविवारी मला गळ्यात अडकवून निघायची. बसस्टँडवर तोंडावर पेपर घेऊन झोपलेला कंडक्टर. पंक्चरवाल्याच्या घमेल्यातल्या पाण्याचे बुडबुडे. बांगड्या भरताना डोळे गच्च मिटणारी नवरी मुलगी. दिवसाला पंधरा-वीस फोटो. दोन तासांत सहाशे काढायची सवय असलेल्या मला हे कामासारखं वाटेना. आणि प्रत्येक वेळी ती आधी विचारायची, "काढू का?" लोक आधी 'कशाला' म्हणायचे आणि मग केस नीट करायचे.

अशाच एका रविवारी अण्णाराव दुकानात आले. साठी उलटून गेलेले, धोतर-सदरा, डोक्याला टोपी. दहा किलोमीटरवरच्या गावाहून एसटीनं आले होते. मी काउंटरवरच होतो, चालू. मी त्यांना लगेच ओळखलं. दोन वर्षांपूर्वीच्या एका आहेराच्या रांगेतली ही जोडी होती. माझ्या दुसऱ्या आकड्यातली.

"वैजनाथराव, आमच्या पुतण्याच्या लग्नातला एक फोटो पाहिजे होता," ते म्हणाले. "मी अन् मंडळी. आहेर देताना. मंडळी वारली, तिचं वर्षश्राद्ध आलंय पुढल्या महिन्यात."

वैजनाथरावांनी त्यांच्याकडे पाहिलं, मग सदऱ्याकडे पाहिलं. त्यांनाही कळलं असावं. "बघतो मामा," ते म्हणाले. "दोन वर्षांखालचं हाय, शोधावं लागंल. पुढल्या रविवारी या."

पुढल्या रविवारी म्हणे जुन्या फोटोंची डिस्क बिघडली होती. त्याच्या पुढच्या रविवारी ती दुरुस्तीला लातूरला गेली होती. कुठलीही डिस्क बिघडली नव्हती आणि कुठेही गेली नव्हती; ती माझ्यासमोरच्या खणात होती. अण्णाराव बाकावर बसायचे, तांब्यातलं पाणी प्यायचे, 'बघा मग' म्हणायचे आणि परतीची एसटी धरायचे.

त्या तिसऱ्या खेपेला वैजनाथराव आत पासपोर्ट काढत होते. तनुजानं विचारलं, "आजोबा, आजीचा दुसरा एखादा फोटो नाही का?"

"हाय ना, माय. आधार कार्डावरचा मोठा करून फ्रेम बी केलीय. फोटोसाठी न्हाई मी हिंडून राहिलो."

"मग?"

अण्णारावांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली. "अल्बम आला, त्यात आम्ही दोघंच न्हाई. सारं गाव हाय, आम्ही न्हाई. सुभद्रा म्हणली, त्यानं काढलाच न्हाई. म्हणली, रांगेत आपल्या पुढं तीस जण होते, मी बघून राहिले होते. काही जणांना त्याचं बोट पुढं जायचं. आपल्या टायमाला अंगठा मागं गेला. मी म्हणलो, येडी का तू? एवढा उजेड पडला, डोळे दिपले माझे."

"मग?"

"लग्न माझ्या भावाच्या पोराचं. भावाची बायको सिंधुबाई. तिला वाटलं, ही आपल्यावर आळ घेऊन राहिली. म्हंजे तिनंच फोटोवाल्याला सांगितलं, यांचा काढू नको म्हणून. झालं. दोन्ही घरांची मधली भिंत एक, अन् बोलणं बंद. गावानं सुभद्रीला नाव पाडलं, अंगठे मोजणारी. मी बी म्हणलो की. आठ महिने भांडलो तिच्यासंगं. अन् मग ती गेली." त्यांनी टोपी उलटी करून आत बघितलं. "आता हे फोटो देतील, तर मी सिंधुबाईला दाखवीन, बघ, काढला होता, चुकीनं राहिला अल्बमात. दोन घरं बोलतील. अन् न्हाई सापडला…"

"न्हाई सापडला तर?"

"तर ती खरी होती, माय. मग मी कोणत्या तोंडानं जेवू घालू तिच्या नावानं?"

ते गेल्यावर तनुजानं कपाटातून जुना फ्लॅश काढला आणि उलटा करून उजेडात धरला. त्याच्या पाठीवर सहा बटनं आहेत. पाचांवरची अक्षरं नवीकोरी होती. सहाव्यावर काही उरलं नव्हतं. ते गुळगुळीत होऊन मध्ये खोलगट झालं होतं, बरोबर अंगठ्याच्या मापाचं.

दुपारी बापलेक जेवायला बसले तेव्हा तिनं तो ताटाशेजारी ठेवला. "पप्पा, बाकीची बटनं नवी हायत. हे एकच कशानं झिजलं?"

"तपासायला लागतंय."

"एवढ्यांदा?"

"तुला धंद्यातलं काय कळतंय? रोलचा जमाना होता. छत्तीस फोटोत लग्न बसवायचं म्हंजे काय असतंय…"

"तुम्ही रोलवर किती लग्नं काढली?"

वैजनाथरावांनी भाकरीचा तुकडा मोडला. "दोन," ते म्हणाले. "उस्तादासोबत."

तनुजा हसली नाही. मला हसू येत होतं, पण मला हसायची सोय नाही.

"अन् हे बाहेर कळलं तर लग्न कोण देईल मला?" त्यांनी विचारलं. तिनं हात धुतले. फ्लॅश तिथंच ठेवला आणि संध्याकाळची लातूरची गाडी धरली. तो आठवडाभर ताटाशेजारीच होता. वैजनाथराव त्याला हलवून भाजीची वाटी ठेवायचे, पण कपाटात टाकायचे नाहीत.

चौथ्या रविवारी अण्णाराव आले, बाकावर बसायच्या आधीच म्हणाले, "आता शेवटचं विचारतो. येत्या गुरुवारी कार्य हाय."

वैजनाथराव काउंटरच्या बाहेर आले. "मामा, डिस्क बिघडली न्हाई. फोटो काढलाच न्हाई मी."

अण्णाराव बसले. समोरच्या रस्त्यावरची एक एसटी त्यांनी निघून जाऊ दिली.

"अंगठा?" त्यांनी विचारलं.

"हाव."

"मागं?"

"हाव, मामा."

"बघा," ते कोणालाच न बघता म्हणाले, "आठ महिने भांडलो." मी वाट बघत होतो की आता ते ओरडतील. त्यांनी फक्त टोपी घातली. "फोटो नको आता. तुम्ही गुरुवारी या गावाला. सगळ्यांसमोर हेच सांगा."

"मामा, माझा धंदा…"

"मी सांगितलं तर म्हणतील, म्हातारा आता बायकोची बाजू घेऊन राहिला. ती जित्ती होती तवा घ्यायची होती."

गुरुवारी तनुजानं रजा घेतली. मोटारसायकलवर पुढे वैजनाथराव, मागे ती, तिच्या मांडीवर पिशवीत मी आणि फ्लॅश. अण्णारावांच्या अंगणात चाळीसेक माणसं होती. भिंतीला लागून आधार कार्डावरून मोठी केलेली धुरकट सुभद्राबाई, गळ्यात हार. सिंधुबाईंचं घर आलं होतं, पण दाराशीच बसलं होतं. तोंड दाखवून उठायच्या बेतानं.

वैजनाथराव उभे राहिले. मग त्यांनी फ्लॅश माझ्या डोक्यावर बसवला, मला भिंतीकडे धरलं आणि अंगठा मागे नेला. लख्ख उजेड. "बघा, कार्डात काही न्हाई," त्यांनी माझा पडदा सगळ्यांना दाखवला. मग बोट पुढे नेलं. पुन्हा उजेड, पण या वेळी माझ्या पापणीचा खट् आवाजही, आणि पडद्यावर भिंत. "पहिला मारला तो खाली. अण्णामामांचा अन् सुभद्रामावशींचा असाच मारला होता. मला कोणी सांगितलं न्हाई, सिंधुकाकूंनी बी न्हाई. मीच कपडे बघून मारला. मावशी खरं बोलत होत्या."

मग मागून मडिवाळप्पा नावाचे एक म्हातारे उठले. "माझ्या नातीच्या साखरपुड्याला मी कोट घालून आलतो. माझा काढला, का तो बी खाली?"

"आठवत न्हाई, आजोबा."

मला आठवत होतं. खाली. कोटाला इस्त्री नव्हती.

"म्हंजे तेवढा वेळ पोट आत घेऊन उभा होतो ते वाया गेलं?" आजोबांनी विचारलं, आणि श्राद्धाच्या घरात हसू नये तेवढं लोक हसले. मग सगळेच बोलायला लागले. माझा? माझ्या आईचा? आमच्या दोघांचा? वैजनाथराव घामानं भिजले. त्यांच्या अंगावरच्या सदऱ्याचीही इस्त्री त्या वेळी राहिली नव्हती.

सिंधुबाई उठल्या तसं सगळं शांत झालं. त्या वैजनाथरावांसमोर येऊन उभ्या राहिल्या. "माझ्या घरच्या लग्नात माझी थोरली जाऊ तुला ओळखू आली न्हाई?"

"काकू, त्या रांगेत होत्या. घरची माणसं स्टेजवर असतात."

"ती सकाळपासून दोनशे माणसांच्या पोळ्या बघून राहिली होती. रिकामी झाली तवा रांगेतच उभी ऱ्हाईल ना?" मग त्या फ्रेमपाशी गेल्या. "अक्का," एवढंच म्हणाल्या. हार थोडा वाकडा होता, तो नीट केला. त्या दाराशी परत गेल्या नाहीत; पदर खोचून वाढायला लागल्या. अण्णारावांच्या पानात पहिली पोळी त्यांनीच वाढली, आणि अण्णाराव जेवले.

जेवणं झाल्यावर लोक तनुजाभोवती जमले. तिनं फ्लॅश उतरवून पिशवीत टाकला आणि मला नव्या लेन्ससकट हातात घेतलं. एकेकापाशी चालत जाऊन ती काढू लागली. पण पहिल्याच माणसापाशी सिंधुबाई म्हणाल्या, "आधी अंगठा दाखव, माय." झालं. तनुजाला मला चार बोटांत धरून अंगठा हवेत ठेवावा लागला. त्या दिवशी मी एकेचाळीस माणसांचे फोटो ठेवले. त्यांतली चाळीस माझ्याकडे बघत नाहीत. ती सगळी किंचित वर, तनुजाच्या अंगठ्याकडे बघताहेत. एवढी सावध तोंडं मी आठ वर्षांत पाहिली नव्हती.

एकेचाळिसावे अण्णाराव. ते अंगठ्याकडे बघत नव्हते. "आवाज येईल ना?" त्यांनी विचारलं. "येईल," तनुजा म्हणाली. त्यांनी कान माझ्याकडे केला. आवाज ऐकू आला तशी त्यांनी मान हलवली, त्यामुळे तो फोटो थोडा हललेला आहे. तनुजानं दुसरा काढला नाही.

त्या हंगामात वैजनाथरावांची तीन लग्नं गेली. एक नवं आलं. मुलीचा बाप म्हणाला, निदान हा सांगतो तरी. आता ते रांगेतल्या सगळ्यांचे फोटो काढतात आणि निवडताना पहाटेपर्यंत उस्तादांच्या नावानं बोटं मोडतात. फ्लॅशच्या त्या बटनावर त्यांनी पंक्चरवाल्याकडून रबराचं ठिगळ लावून घेतलं आहे.

मी मात्र दमलो आहे, मित्रांनो. लेन्स मऊ कापडानं पुसा, कॅमेरा ठेवून देताना बॅटरी काढा, हे तुम्हाला कोणीही सांगेल. माझं मागणं एवढंच आहे की तुमच्यासमोर कोणी केस नीट करून उभं राहिलं, तर बटन दाबा. दाबायचं नसेल तर तोंडानं सांगा. नुसता उजेड पाडू नका. कारण आमचा डोळा उघडाच असतो.

त्या दिवशीही तो उघडा होता. सुभद्राबाईंचं लुगडं हिरवं होतं, काठ विटलेले. मनगटावर कणीक वाळली होती. टोपी-टॉवेल त्यांनी दोन्ही हातांनी धरला होता. त्यांची नजर माझ्या डोक्यावरच्या अंगठ्याकडे होती. उजेड पडला आणि त्यांनी ती खाली आणली, सरळ माझ्या डोळ्यात. त्यांना कळलं होतं. पण शेजारी अण्णाराव अजून हसत होते. त्यांचं हसणं पुरं होईपर्यंत त्या जागच्या हलल्या नाहीत.